खपलीत ग्लूटेन असतं, असतंच

फॅमिली ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: साठच्या दशकात अमेरिकेने आपल्या गळ्यात मेक्सिकोचा बुटका गहू मारला. तो जनुकं बदललेला, किरणोत्सर्गाने बनवलेला, हायब्रीड आहे. त्यात पूर्वी नव्हतं ते ग्लूटेन (कणकेला ओढ देणारं प्रथिन) आहे, म्हणून घराघरांत मधुमेह आणि आतड्याचा आजार सीलिअ‍ॅक आले. उपाय एकच, पूर्वजांची ‘ग्लूटेनमुक्त’ खपली. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आहे आणि हे वाचून तिच्या आजींनी तिच्यासाठी खपली दळून आणली. आजींची माया खरी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने मात्र कधी सीलिअ‍ॅक असलेलं मूल पाहिलं असेल असं वाटत नाही.

म्हणून आधी तेच. खपली हा गहूच आहे. तिच्यात ग्लायडिन असतं, ग्लूटेनिन असतं, आणि ही दोन प्रथिनं मिळूनच ग्लूटेन होतं. कणकेला ओढ थोडी कमी येते, एवढाच फरक. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. ‘दोन दिवस दिली, काही झालं नाही’ याला काडीचा अर्थ नाही. पोट न दुखताही आतडं झिजत राहू शकतं. मुलाची उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन वर येत नाही. या मुलांना ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ द्या, आणि तेही गहू दळणाऱ्या गिरणीतून दळून आणू नका. आणखी एक: नुसता संशय असेल, तर तपासणीआधी मनानेच गहू बंद करू नका. ग्लूटेन बंद असताना केलेली रक्ततपासणी आजार असूनही निर्दोष येऊ शकते.

मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करते. पोळीच्या गव्हात गुणसूत्रांचे तीन संच असतात, खपलीत दोन. तिसरा संच एका रानगवताकडून आला आणि सीलिअ‍ॅकच्या दृष्टीने सगळ्यात बदनाम असलेला ग्लायडिनचा तुकडा त्याच्यासोबत आला. खपलीत तो नाही. पण आतड्याला डिवचायला उरलेली ग्लायडिनं पुरेशी आहेत. आणि हा संकर कुठल्या प्रयोगशाळेत नाही, हजारो वर्षांपूर्वी शेतात आपोआप झाला.

‘नवीन गव्हात ग्लूटेन वाढवलं’ म्हणणाऱ्यांनी २०२०चा जर्मन अभ्यास बघावा. १८९१ ते २०१० या काळातले ६० वाण, प्रत्येक दशकातले पाच, एकत्र पेरून सलग तीन हंगाम तपासले. एकूण ग्लूटेन जवळपास तेवढंच निघालं. प्रथिनांचं प्रमाण थोडं घटलेलं, आणि ज्याच्या नावाने मेसेजवाले खडे फोडतात ते ग्लायडिनही घटलेलं. वाढलं ते ग्लूटेनिन. वाण जर्मन आहेत, आपले नाहीत, हे खरं. पण समोरच्या बाजूला आकडा म्हणून काय आहे? काहीही नाही.

आता बुटकेपणा. तो जपानच्या नोरिन १० या वाणातून आला, साध्या संकराने. त्यातली जनुकं रोपाची उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाला दाद देत नाहीत, म्हणून रोप आखूड राहतं. उंच गव्हाला खत-पाणी जास्त दिलं की ओंबीच्या वजनाने तो लोळतो. बुटका उभा राहतो. संकर करायचा म्हणजे चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची, दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे आणि मग पिढ्यान्‌पिढ्या वेचून घ्यायचं. यात बराचसा जीव तांबेऱ्याशी, म्हणजे गेरवा या बुरशीच्या रोगाशी, लढण्यात जातो. त्यासाठी आपल्याकडे महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. भारतात जनुकं बदललेल्या गव्हाच्या लागवडीला परवानगीच नाही. आणि गंमत म्हणजे आज शेतात असलेल्या खपलीतही पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस २९७१ ही जात आहे, धारवाडची डीडीके १०२९ आहे. दोन्ही पैदासकारांनी घडवलेल्या, दोन्ही बुटक्या. पूर्वजांची म्हणे.

किरणोत्सर्ग? हो, शरबती सोनोरा. दिल्लीत कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या गटाने सोनोरा ६४ या लालसर दाण्याच्या मेक्सिकन वाणावर गॅमा किरण सोडून त्यातून पिवळसर दाण्याचा वाण निवडला, कारण लाल पोळी लोकांना नको होती. क्ष-किरण काढलेला माणूस जसा किरणोत्सर्गी होत नाही, तसंच ते बीही होत नाही. आणि आज सिहोरचा म्हणून महाग घेता तो शरबती मुख्यतः सी-३०६, जुना उंच वाण. ग्लूटेन त्यातही आहे.

‘हायब्रीड, बी पुन्हा उगवत नाही’ हे ज्याने लिहिलं त्याने कुठल्याही गहू उत्पादकाला विचारावं. गहू स्वपरागित आहे, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळतो, त्यामुळे घरचं बी ठेवून पेरता येतं. ट्रिटिकेल, म्हणजे गहू आणि राय हे गव्हासारखं दुसरं धान्य यांचा संकर, त्यालाही मेसेजमध्ये ‘राक्षसी धान्य’ म्हटलंय. ते जगात मुख्यतः जनावरांच्या चाऱ्याला जातं, तुमच्या पिठात नाही. मधुमेहाबद्दल: खपलीत तंतू जरा जास्त असतात, परवडत असेल तर खा, पण पोळ्या मोजूनच आणि गोळ्या न थांबवता.

नवीन गव्हावर धरायला एक खरी तक्रार आहे, तीच नेमकी मेसेजमध्ये नाही. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८४३पासून गव्हाचा एक प्रयोग चालू आहे. तिथले जपून ठेवलेले दाणे तपासल्यावर दिसलं की बुटके वाण आल्यापासून दाण्यातलं जस्त आणि लोह घटलंय. उत्पादन वाढलं, दाण्यात खनिजं विरळ झाली. ती भरून काढायचं कामही पुन्हा पैदासकारच करतायत: आघारकरच्या एमएसीएस ४०२८ या बन्सी (ड्युरम) गव्हात प्रथिनं १४.७ टक्के आहेत, जस्त आणि लोहही चांगलं आहे. तोही बुटकाच आहे. आणि भाचीला तोही चालणार नाही.