‘गाडी नाही, त्याला झळ नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

डिझेल वाढलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. बोंब मारतात ते गाडीवाले, ज्याच्या दारात गाडी नाही त्याला कसली झळ? शेतकऱ्याचं तर भलंच होतं, माल महाग जातो. आणि कच्चं तेल उतरलं की सगळं आपोआप खाली येतं, थोडा धीर धरा. आमच्या गावच्या ग्रुपवरही तो आला आणि भराभर अंगठे पडले. अंगठे देणाऱ्यांत निम्मे कोरडवाहू शेतकरी, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

गाडी नसलेल्याचं आधी बघू. मराठवाड्यात आता बैलजोडी किती दावणींना उरली? दोन-तीन एकरवाला ट्रॅक्टर भाड्यानेच लावतो. काळ्या, भारी रानात एकराच्या नांगरटीला सहा-सात लिटर डिझेल सहज जातं. पुढे रोटा, पेरणी, शेवटी मळणीयंत्र. डिझेल लिटरमागे दहा रुपयांनी वाढलं तर नांगरट साठ-सत्तर रुपयांनी वाढावी. पण भाडं वाढतं ते शंभर-दोनशेच्या नोटेत. ट्रॅक्टरवाल्याला दोष देत नाही. हप्ता, टायर, ड्रायव्हरची मजुरी हे सगळं तो त्याच निमित्ताने काढतो. निमित्त मात्र डिझेलचं असतं.

मग पाणी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याची देशभर बातमी झाली. पण गल्लीत विकतचा टँकर येतो त्याची बातमी होत नाही. उन्हाळा चढतो तसे जवळचे बोअर आटतात, टँकरची खेप लांबते आणि डिझेलही जास्त जळतं. हा टँकर चार घरं मिळून घेतात, त्यातल्या दोन घरांत सायकलसुद्धा नसते.

‘शेतकऱ्याचं भलं’ हा तर निव्वळ खोडसाळपणा. साधा हिशेब करा. ट्रक लिटरला चार किलोमीटर जातो धरा. तीनशे किलोमीटरला पंचाहत्तर लिटर, म्हणजे दहा रुपयांच्या वाढीने खर्च साडेसातशे रुपयांनी वाढला. ट्रकमध्ये दहा टन माल असेल तर किलोमागे साडेसात पैसे. टोमॅटो वीस रुपयांनी चढला तर त्याचं खापर डिझेलवर फोडता येत नाही, हे मीही मान्य करतो. तिथे पाऊस आणि आवक बघावी. पण ते साडेसात पैसेसुद्धा भरतं कोण? भाजी पाठवणाऱ्याच्या पट्टीत, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, हमाली, तोलाई, भाडं आधी वजा होतं आणि उरेल ते हातात पडतं. मालाचा भाव ठरवताना त्याला कोणी विचारत नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजार समित्यांत माल त्याच्या खाली जात होता.

एक गोष्ट त्या मेसेजवाल्याच्या बाजूने. कच्चं तेल भडकलं की पाम तेलापासून बायोडिझेल करणं परवडतं, खाद्यतेल तेजीत येतं आणि त्या ओढीने सोयाबीनलाही कधी हात मिळतो. पण सोयाबीन वर्षातून एकदा विकायचं असतं आणि तेलाची पिशवी बारा महिने लागते.

राहिलं ‘आपोआप उतरतं’. 2020 च्या एप्रिलमध्ये कच्चं तेल इतकं कोसळलं की अमेरिकेत वायद्याचा भाव शून्याखाली गेला. मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई तिजोरीत गेली. पुढच्याच मे महिन्यात परभणीत पेट्रोलने शंभरी ओलांडली. 2022 मध्ये तेल वर जात असताना कंपन्यांनी भाव रोखून धरले होते, हेही खरं. मात्र तेल खाली आल्यावरही ते बराच काळ तिथेच राहिले. मार्च 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, दोन रुपये कमी झाले.

एसटीचं बघा. डिझेल महागल्याचं कारण देत ऑक्टोबर 2021 मध्ये तिकीट 17.17 टक्क्यांनी वाढलं. त्यानंतर पंधरवड्याच्या आत केंद्राने डिझेलवरचं शुल्क 10 रुपयांनी कमी केलं, मे 2022 मध्ये आणखी 6 रुपयांनी. तिकीट जिथल्या तिथे. जानेवारी 2025 मध्ये त्यावर आणखी 14.95 टक्के चढले.