दोन त्रिकोण पाठ केले की झाला वायरमन?

आयटीआयच्या पोरांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: ‘व्ही = आय × आर आणि पी = व्ही × आय, हे दोन त्रिकोण पाठ करा. वायरमनच्या परीक्षेतलं एकही गणित याबाहेर जात नाही. व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, हेही यातूनच निघतं. अर्थिंगबिर्थिंग साईटवर शिका.’ त्रिकोण, म्हणजे व्होल्टेज (व्ही), करंट (आय), रेझिस्टन्स (आर) आणि पॉवर (पी) यांची सूत्रं लक्षात ठेवायच्या आकृत्या, पाठ हवेतच. पण पुढचं सगळं गंडलंय.

आधी मोटर घ्या. ५ एचपी, थ्री फेज, शेतातल्या पंपाची. ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. त्रिकोणवाला त्याला ४१५ ने भागतो आणि ९ अँपिअर लिहून मोकळा होतो. यात थ्री फेजचं १.७३२ (√३) राहिलं, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामाचा हिस्सा) राहिला, आणि ३७३० हे शाफ्टवरचं आउटपुट आहे, लाईनमधून त्याहून जास्त ओढावं लागतं, हेही राहिलं. पॉवर फॅक्टर ०.८ आणि कार्यक्षमता ८५ टक्के धरा, उत्तर येतं ७.६ अँपिअर. जुने मिस्त्री ‘एचपीची दीडपट’ म्हणतात, म्हणजे साडेसात. कागद न घेता ते जास्त जवळ पोचतात!

आता ‘व्होल्टेज पडलं की करंट वाढतो’. २३० व्होल्टचा २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉईलचा रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम. व्होल्टेज २०० वर आलं तरी कॉईल तीच. करंट ७.६ वर उतरतो, पॉवर जेमतेम १५०० वॅट, पाणी उशिरा तापतं. लोडवर चाललेल्या मोटरचं उलटं: पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि लो व्होल्टेजला वाइंडिंग जळतं. एकच सूत्र, पण स्थिर काय राहतं हे ओळखल्याशिवाय ते लावायचं कसं?

त्रिकोणात न दिसणारं आणखी एक: केबलच्या व्होल्टेज ड्रॉपमध्ये (तारेतच वाया जाणाऱ्या व्होल्टेजमध्ये) अंतराची दुप्पट धरायची असते, सिंगल फेजला. करंट नेणाऱ्या फेजबरोबर तो परत आणणारी न्यूट्रलही आहे.

राहिलं अर्थिंग, जे मेसेजवाल्याने साईटवर ढकललंय. खरं तर ओहमचा नियम तिथेच कामाला येतो. अर्थचा रेझिस्टन्स ५ ओहम असेल तर फॉल्ट करंट (वायर बॉडीला लागल्यावर जमिनीत वाहणारा) २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी कर्व्ह प्रकारचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप बंद होणारा स्विच) तत्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात; ४६ ला तो लगेच पडत नाही. तोवर मशीनच्या बॉडीत करंट उतरलेलाच असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की लगेच तोडणारा स्विच) त्यासाठीच बसवतात.