"प्लास्टिकची दांडी कापायला चार महिने?" या परीक्षणाला उत्तर

नमस्कार सर,

सहा आठवडे सांगून पेन चार महिन्यांनी मिळालं, त्याबद्दल क्षमस्व. मधल्या तुमच्या दोन मेसेजना मी उत्तरच दिलं नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

पण "प्लास्टिकची एक दांडी कापायला चार महिने? नुसती टोलवाटोलवी" हे वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

सर, पेन जिच्यातून कातलं ती दांडी तुम्हीच निवडलीत. मी ॲक्रिलिकची दाखवली होती, ती आठवड्यात झाली असती. तुम्हाला जुन्या साठ्यातली ती हिरव्या-मोतिया पट्ट्यांची सेल्युलॉइडची हवी होती. निवड उत्तमच! पण सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. बनवताना त्यात मुरलेलं द्रावक जाड दांडीच्या पोटात वर्षानुवर्षं राहतं. भोक पाडलं की आतल्या भागाला पहिल्यांदा हवा लागते, ते द्रावक उडायला लागतं आणि माल आक्रसायला लागतो. त्याच दिवशी आटे पाडले, तर पुढे टोपण एक तर अडकतं नाही तर वाकडं बसतं. म्हणून भोक पाडून, बाहेरून जाडसर ठेवून, दांडी फळीवर ठेवली. दर रविवारी कॅलिपर लावत होतो. पहिल्या महिन्यात माप हललं, दुसऱ्यातही हललं. तिसऱ्यात थांबलं, तेव्हा लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, चढवली. तुम्ही लिहिलंय की टोपण अजून घट्ट फिरतं. म्हणजे मी खरं तर आणखी पंधरा दिवस थांबायला हवं होतं.

लेथवरही घाई चालत नाही. हत्याराची धार गेली की माल तापतो, आणि सेल्युलॉइड तापून पेटलं की आवरत नाही. निघालेला कीस मी हातोहात पाण्याच्या डब्यात टाकतो. टेबल टेनिसच्या मोठ्या स्पर्धांतले चेंडू २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचेच असायचे. एखादा जुना चेंडू जळताना पाहिला असेल तर कळेल.

"डांबरगोळ्यांसारखा वास येतो" हेही लिहिलंत. तो कापराचा आहे, सर. वास येतोय म्हणजे माल अस्सल आहे.

आणि एक, लिहू की नको असं झालंय. क्लिप नको म्हणालात, टोपण तसं कातलं, मग क्लिप हवी झाली. टोपण नव्याने करण्यात अकरा दिवस गेले. ते परीक्षणात आलं नाही. असो.

टोपणासाठी पेन परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. यापुढे मुदत जरा वाढवूनच सांगेन, मधूनमधून फोटो वगैरेही पाठवेन, काहीतरी पद्धत बसवतोच. तोवर पेन उन्हात ठेवू नका. तारे दोनच राहू द्या हवं तर, पण तेवढा "टोलवाटोलवी" शब्द काढता आला तर बघा. लेथवर मी एकटाच असतो.