आरोपीला कोणी विचारले का?

तीन वर्षांपूर्वी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदारावर कापणीच्या सणाच्या पैशांत अफरातफर केल्याचा आरोप झाला. सणाच्या दिवशी लोकांनी अर्पण म्हणून आणलेले धान्य, भोपळे आणि कोंबड्या यांच्या लिलावातून जी रक्कम जमली होती, तिच्यातील ११,००० रुपयांचा हिशेब लागत नव्हता. कमिटीचे आम्ही सात जण एका रविवारी उपासनेनंतर बसलो, प्रार्थना केली आणि तासाभरात त्याला पदावरून काढून प्रभुभोजनापासून, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीपासून, दूर ठेवण्याचा ठराव लिहून मोकळे झालो. त्या ठरावावर माझीही सही आहे. आमची सभा चालू असताना खजिनदार बाहेर अंगणात उपासनेच्या सतरंज्या झटकत होता. त्याला आत बोलवावे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

संध्याकाळी पत्र घेऊन मी त्याच्या घरी गेलो. ओट्यावर बसून त्याने ते वाचले, घडी घातली, पुन्हा उघडून वाचले आणि एवढेच म्हणाला, "माले कोनीच इचारं नही, भाऊ." मग त्याने आतून कपाशीच्या बियाण्याची एक रिकामी पिशवी आणली. तिच्यात पावत्या होत्या: चर्चच्या छताचे पत्रे, माइकची दुरुस्ती, मंडळीतल्या एका आजारी बहिणीला धुळ्याला नेण्याचे गाडीभाडे. मी त्या पावत्या मांडीवर घेऊन बसलो आणि काय बोलावे ते मला सुचेना.

त्या रात्री मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. आदामाने काय केले हे देवाला ठाऊक नव्हते असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही, तरीही देव शिक्षेपासून सुरुवात करत नाही. तू कोठे आहेस, तू नग्न आहेस हे तुला कोणी सांगितले, ज्या झाडाचे फळ खाऊ नको म्हणून सांगितले होते ते तू खाल्लेस काय, असे तो विचारतो आणि आदामाचे उत्तर ऐकून घेतो. मग स्त्रीकडे वळून तिलाही विचारतो. निकाल त्यानंतर येतो. सदोम नगराविरुद्धची ओरड कानी आली तेव्हाही, ती खरी आहे की नाही हे मी खाली जाऊन पाहीन, असे देव अब्राहामाजवळ बोलतो. ज्याला चौकशीची गरजच नाही तो चौकशी करतो, आणि आम्ही सात जणांनी, ज्यांना काहीच नीट ठाऊक नव्हते, ती केली नाही.

इंग्लंडमध्ये १७२३ साली हाच दाखला न्यायालयात दिला गेला. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकता काढून घेतल्या होत्या. त्या प्रकरणात न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी म्हटले, की आदामाला बचावासाठी बोलावल्यावाचून खुद्द देवानेही त्याला शिक्षा सुनावली नाही. पदव्या परत कराव्या लागल्या. आज आपल्याकडे वकील मंडळी ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात, त्याच्या चर्चेत हे प्रकरण अजूनही निघते. आपल्या राज्यघटनेचे कलम २२ अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळण्याचा आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क देते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ नुसार, पुराव्यात आरोपीविरुद्ध जे आले असेल त्याचा खुलासा न्यायाधीशाने त्याला विचारायचा असतो. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला कायदा जे देतो, ते सतरंज्या झटकणाऱ्या आपल्या भावाला आम्ही दिले नव्हते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात निकदेम हाच प्रश्न, गालील प्रांतातल्या येशूला धरू पाहणाऱ्या धर्मपुढाऱ्यांपुढे ठेवतो: एखाद्याचे ऐकून घेतल्याशिवाय आणि तो काय करतो हे जाणून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? त्याच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. उलट त्यालाच विचारले जाते, तूही गालीलातलाच काय? सुनावणी मागणाऱ्यालाच आरोपीचा माणूस ठरवण्याची ही रीत दोन हजार वर्षे जुनी आहे. दुसऱ्या दिवशी मी पावत्यांचा विषय काढला, तेव्हा मलाही फोनवर विचारले गेले, "तुम्ही त्याच्या बाजूचे का?"

हे मी खान्देशात बसून लिहीत आहे आणि म्हणून राईनपाड्याचा उल्लेख टाळू शकत नाही. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील त्या गावात आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरत होते, आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठार मारले. तुम्ही कोण, कुठून आलात, याचे उत्तर कोणी ऐकून घेतले असते, तर त्या पाच घरांतली माणसे परत गेली असती. त्याच सकाळी आपल्या कितीतरी मंडळ्यांत उपासना चालू होती, आणि तसे संदेश आपल्यापैकीही अनेकांच्या फोनमध्ये होते. खोटी अफवा पसरवू नको आणि दुष्कर्म करण्यासाठी जमावामागे जाऊ नको, या निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतो. सातपुड्यात एखाद्या विधवेला डाकीण ठरवले जाते, तेव्हा तर आरोपच असा असतो की त्याला उत्तर देण्याची वाट शिल्लक राहत नाही. अशा वेळी गावातल्या ख्रिस्ती माणसाने तिच्या दारात उभे राहिले पाहिजे, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आधार घेऊन पोलीस ठाण्यापर्यंत तिच्याबरोबर गेले पाहिजे.

एक गोष्ट मात्र मला तितक्याच कळकळीने सांगायची आहे. सुनावणीच्या नावाखाली तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केले जाते, हेही मी पाहिले आहे. तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून सांग, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातले वचन पुढे करून एखाद्या मुलीला तिच्याशी गैरवर्तन करणाऱ्याच्या समोर एकटे बसवणे हा वचनाचा घोर दुरुपयोग आहे. पीडित अल्पवयीन असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे कमिटीने आपली सभा भरवण्याचा प्रश्नच येत नाही. दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरील, म्हणजे पुढाऱ्यांवरील, आरोप मान्य करू नये, हे प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेले वाक्य पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बचावासाठी नेहमी वाचले जाते, पण जे पाप करतात त्यांचा सर्वांसमक्ष निषेध कर, हे लगेच पुढचे वाक्य फार कमी वेळा वाचले जाते. आरोपीचे ऐकायचे ते तक्रार खोटी मानून नव्हे. तक्रारीचा निकाल पक्का व्हावा, उद्या कोणाला तो मोडता येऊ नये, म्हणून ऐकायचे. नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायातही हाच व्यवहार सांगितला आहे: पहिल्याने बोलणाऱ्याचे खरे वाटते, दुसरा येऊन उलट प्रश्न विचारीपर्यंत.

खजिनदाराचे पुढे काय झाले तेही सांगतो. पाळकसाहेबांनी पुन्हा सभा बोलावली आणि या वेळी त्याला खुर्ची दिली. पावत्या एकेक करून वाचल्या. ७,५०० रुपयांचा हिशेब चोख निघाला. उरलेल्या ३,५०० बद्दल आम्ही विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने सांगितले, की जूनमध्ये बियाण्याला पैसे नव्हते म्हणून ते त्याने वापरले आणि कापूस विकल्यावर परत ठेवणार होता. म्हणजे तो निर्दोष नव्हता. त्याचे खजिनदारपद गेलेच, आणि ते योग्यच झाले. पण अकरा हजार खाणारा माणूस म्हणून तो गावात फिरला नाही, दिवाळीनंतर त्याने रक्कम भरली आणि नाताळच्या उपासनेत तो प्रभुभोजनाला आला.

मंडळीच्या मिनिट्स बुकात त्या दोन्ही सभांची पाने समोरासमोर आहेत. डाव्या पानावर आमच्या सात सह्या आहेत आणि त्याचे एकही वाक्य नाही. उजव्या पानावर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहिलेले आहे, आणि खाली आमच्या सह्यांबरोबर आठवी सही त्याची आहे.