परत कशाला काढला?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि सुजय डहाकेच्या ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला इकडे लीड्समध्ये मी चहा टाकला तेव्हा मुंबईत अकरा वाजलेले, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्त्याऐंशी मेसेज. सुरुवात बोरिवलीच्या दादाने केलेली, बातमी आणि खाली टाळ्या. मग गिरगावातून आत्या, ‘अत्र्यांनी एकदा केलाय की, परत कशाला काढला?’ मग बाबा, ‘काळापांढरा आहे म्हणे, रंगाला पैसे नव्हते काय?’ मग आत्या परत, जुन्या सिनेमातल्या आईची, वनमालाबाईंची, सर कोणाला येणार वगैरे, आणि शेवटी तिने विचारलेलं, ‘ते छडी लागे छमछम तरी ठेवलंय का, पुस्तकातलं?’

मी न राहवून लिहिलं की आत्या, ते पुस्तकात नाहीये गं, ते अत्र्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे. झालं! तिकडे जाऊन आम्हाला साने गुरुजी शिकवू नकोस इथपर्यंत आलं. मी फोन ठेवून दिला आणि ऑफिसला गेले पण डोक्यातून जाईना. पुस्तक बदललं म्हणून चिडणारी माझी आत्या, आणि तिच्या मनातलं पुस्तक मुळात सिनेमाने बदललेलंच आहे. ते तिला कळलं नाही कारण बदल चांगला झालाय.

बरं यात आत्या एकटी नाही, इकडेही हेच. १९९५ साली बीबीसीने जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वर सहा भागांची मालिका केली, त्यात कॉलिन फर्थ तळ्यात उडी मारतो आणि ओल्या शर्टात चालत येतो. मूळ कादंबरी १८१३ ची, तिच्यात हे कुठेच नाही. चेशायरमधल्या ज्या लाइम पार्कात ते शूटिंग झालं तिथे मी लेकीला घेऊन गेले होते, अख्खा वाडा सोडून लोक त्या तळ्यापाशी फोटो काढत होते. त्यांची छडी लागे छमछमच ती.

पण एक फरक आहे. इकडे आल्यापासून अकरा वर्षांत मला हळूहळू जाणवलेला. इथे ‘परत कशाला’ हा प्रश्न कोणाला पडत नाही. आमच्यापासून तासा-दीड तासावर हॉवर्थ नावाचं गाव आहे, एमिली ब्राँटेचं. तिच्या १८४७ च्या ‘वदरिंग हाइट्स’वर १९३९ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएचा सिनेमा आला, त्यात अर्धी कादंबरी सरळ कापून टाकलीय, पुढच्या पिढीची गोष्टच नाही. १९९२ मध्ये रेफ फाइन्सचा आला. २०११ मध्ये एका बाईने दिग्दर्शित केलेला आला, त्यात हीथक्लिफ कृष्णवर्णीय आहे आणि तो नट चक्क आमच्या लीड्सचा. अधेमधे टीव्हीवर झालं ते वेगळंच, आणि आपल्या दिलीपकुमारनेही १९६६ मध्ये ‘दिल दिया दर्द लिया’ करून हात धुवून घेतले. आता परत नवा, त्यात जेकब एलॉर्डी, आणि पुस्तकात हीथक्लिफ सावळा म्हटलाय मग हा गोरा कसा यावर पेपरात भांडणं. म्हणजे भांडतात हो, हे काही फार सुसंस्कृत लोक आहेत आणि आपण गावठी असं मला मुळीच म्हणायचं नाही, ‘आमच्याकडे बघा कसं’ म्हणणाऱ्या परदेशस्थांचा मला स्वतःलाच कंटाळा येतो. पण त्या भांडणात जीव जात नाही कोणाचा. ऑफिसात याच विषयावर गप्पा चालल्या होत्या तर एक बाई सँडविच खाता खाता म्हणाली, नाहीच आवडला तर पुढचा येईलच की.

पुढचा येईलच की! हे वाक्य गिरगावात कोणाच्या तोंडून ऐकलंय का? आपल्याकडे पुस्तकावरचा सिनेमा म्हणजे एकुलत्या एका लेकीचं लग्न. एकदाच होणार, म्हणून प्रत्येक नातेवाइकाला त्यात मत, मठ्ठ्यात मीठ कमी पडलं तरी वीस वर्षं बोलायचं. एका पुस्तकाला एकच नट, एकच चेहरा, आणि तो बसला की बसला. चिमणराव म्हणजे प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे, मुंबई दूरदर्शनवर ती मालिका लागायची तेव्हा आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही होता आणि बाबा सांगतात की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. माझ्या जन्माआधीचं हे, तरी मी चि. वि. जोशी वाचते तेव्हा मला प्रभावळकरांचाच आवाज ऐकू येतो. हे कौतुकच आहे पण थोडं नुकसानही आहे, कारण त्या धाकाने नंतर कोणी हात लावायला धजत नाही.

आता कोणी म्हणेल तिकडे पैसा आहे. आहेच. बीबीसीसाठी घरटी वर्षाला दीडशे पौंडांच्या वर लायसन्स फी भरतो आम्ही, त्यातून मालिका निघतात. आणि दुसरं म्हणजे ब्राँटे काय, ऑस्टिन काय, जाऊन जमाना झाला, कॉपीराइट नाही, कोणीही उठावं आणि करावं. इथे लेखक गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतात, आपल्याकडे साठ. पण मग हिशोब करून बघा ना. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०१० संपलं आणि ‘श्यामची आई’ मोकळी झाली. चि. वि. गेले १९६३ मध्ये, २०२४ उजाडलं तेव्हा चिमणराव मोकळे. हरिभाऊ आपटे तर १९१९ लाच गेले, ‘पण लक्षात कोण घेतो’ मधली यमू कधीपासूनची वाट बघत बसलीय, आठ भागांची मालिका होईल अशी गोष्ट आहे ती, केशवपनाचा एक भाग जरी नीट केला तरी लोकांना झोप लागणार नाही. एक पैसा कोणाला द्यायचा नाही. दर वेळी कायदाच आडवा येतो असं नाही मग, कधी कधी आत्या आडवी येते. (आत्या हे वाचणार आहे, मला माहितीये.)

जिवंत हक्कांची गोष्ट वेगळी. ‘सिंहासन’ घ्या. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, तेंडुलकरांनी एकत्र करून पटकथा लिहिली आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांनी सिनेमा केला. दोन कादंबऱ्यांचा एक सिनेमा! आज कोणी असं जाहीर केलं तर ग्रुपवर काय होईल मला डोळ्यांसमोर दिसतंय, वाट लावली, खिचडी केली. पण तो सिनेमा बघताना कुठे सांधा दिसतो का? मला नाही दिसला कधी. मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळतीये, मुंबई बाहेर आपापल्या नादात, आणि मधे निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सगळं बघून शेवटी वेड्यासारखा हसतो. बाबांचा हा सगळ्यात आवडता सिनेमा. मी त्यांना विचारलं की दोन कादंबऱ्या मिसळल्या हे चालतं तुम्हाला? तर म्हणाले, अगं कादंबऱ्या मी नंतर वाचल्या. बघा. म्हणजे प्रामाणिकपणा वगैरे काही नसतं, आधी काय भेटलं यावर असतं सगळं. साधू २०१७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०७७ पर्यंत. तोवर मी काही थांबू शकत नाही, कोणीतरी हक्क विकत घेऊन त्या दोन कादंबऱ्यांची नीट ऐसपैस मालिका करा, आणि जब्बारांचा सिनेमाही राहू दे. दोन्ही असू देत ना, कोण नाही म्हणतंय.

‘छावा’च्या वेळी मात्र मला खरंच वाईट वाटलं. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, गदारोळ झाला, आणि फेब्रुवारीत सिनेमा लागायच्या आधी तो प्रसंग काढून टाकला. आमच्या ग्रुपवर आठवडाभर राजे लेझीम खेळले असतील की नाही. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ ची, सिनेमा तिच्यावरून केलेला, पण कादंबरीत काय आहे, सिनेमाने काय घेतलं आणि काय सोडलं, हे आठवडाभरात एकानेही काढलं नाही. मी विचारलं तर दादा म्हणाला एवढं जाडजूड वाचायला वेळ कोणाला आहे. मग भांडायला कसा होता? आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी ही कादंबरी धरतच नाहीत लोक, ती थेट इतिहास होते, आणि मग सिनेमावाल्याला लेखकाशी नाही तर सगळ्या महाराष्ट्राशी प्रामाणिक राहावं लागतं, ते कोणाला जमणार. आणि मराठी कादंबरीला एवढं मोठं बजेट मिळालं ते हिंदीत, हेही आहेच. इथल्या मल्टिप्लेक्समध्ये लागला तेव्हा आम्ही सात-आठ मराठी कुटुंबं मिळून गेलो होतो, आणि मुलं आपापसात इंग्रजीत, सिनेमा हिंदीत, आणि मराठी फक्त मागच्या रांगेत आम्हा बायकांत.

दादाचा दुसरा राग फास्टर फेणेवर. आम्ही लहानपणी दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फास्टर फेणे बघितलाय, त्यामुळे २०१७ मध्ये अमेय वाघ आला तेव्हा दादाला धक्काच बसला, फुरसुंगीचा शाळकरी बनेश मोठा होऊन मेडिकलच्या परीक्षेच्या भानगडीत कसा? मला मजा आली. इथे २०१० मध्ये शेरलॉक होम्सच्या हातात मोबाइल दिला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि तो शेरलॉक दादाच्या लॅपटॉपवर अजून आहे. होम्सने टॅक्सीत बसून मेसेज केलेले चालतात, फेणे मात्र सायकलवरच पाहिजे.

अर्थात काही गोष्टी पडद्यावर जातच नाहीत हेही खरं. डहाकेंनीच २०१२ मध्ये मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’वर सिनेमा केला होता, त्याच्या पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चांगलाच आहे. पण पुस्तकात जोशी आपल्याशी बोलत असतो सतत, वर्गात बसून प्रत्येकाला मनातल्या मनात टपल्या मारत असतो, आणि ते बोलणं हीच ती कादंबरी आहे. सिनेमात जोशी दिसतो, शिरोडकर दिसते, आणीबाणी दिसते, पण तो डोक्यातला चावटपणा नाही येत तेवढा. त्याला इलाज नाही, कॅमेरा बाहेरून बघतो. तक्रार म्हणून नाही सांगत, मी सिनेमा बघून झाल्यावर पुस्तक परत काढलं एवढंच.

तर ‘श्यामची आई’. लेक बारा वर्षांची आहे, मराठी बोलते पण देवनागरी अक्षर अक्षर लावून वाचते, पुस्तक तिच्या हातून होणं अवघड. मग एका रविवारी आधी अत्र्यांचा १९५३ चा दाखवला आणि पुढच्या रविवारी नवा. मला वाटलं कंटाळेल. पण दोन बघितल्यामुळे तिला एक वेगळीच गोष्ट सुचली जी मला एक बघून कधी सुचली नसती, ती म्हणाली मग खरी आई कुठली? म्हटलं दोन्ही नाही, खरी पुस्तकात आहे. तर म्हणे पुस्तकात तरी कशावरून, ते पण श्यामने मोठेपणी आठवून सांगितलंय ना. बारा वर्षांची! साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, हे मी तिला सांगितलं, तर तिने मान डोलावली, जणू काही तिचाच मुद्दा सिद्ध झाला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांना काय झालं कोण जाणे, पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला, चष्मा, पुस्तक, सगळं तयार, आणि नातीला वाचून दाखवायला लागले. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारत बाहेर काढते तो भाग. मधेच थांबून म्हणाले, हे मी विसरलोच होतो, केवढं मारलंय गं तिने. लेक म्हणाली आजोबा पुढे वाचा.

दर शनिवारी एक रात्र चाललीय आता, म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण. आत्या पण कॉलला येते, कॅमेरा बंद ठेवून. छडी लागे छमछम अजून आलेलं नाही. आत्याचं म्हणणं आहे की येईल, पुढे आहे.