'आफ्रिकेत कोरोनानं माणसं मेलीच नाहीत': लुसाकाच्या शवागारातून उत्तर

लस नाही, मास्क नाही, व्हेंटिलेटर नाही, तरी आफ्रिकेत कोरोनानं माणसं मेली नाहीत. तिथलं ऊन कडक, लोक मलेरियाच्या गोळ्या खातात, वर्षाला जंताचं औषध घेतात, म्हणून वाचले. आणि शेवटी ठरलेला निष्कर्ष: आपल्याला मात्र घाबरवून लस टोचली. या आशयाचा मजकूर 2021 पासून मराठी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, शिकलेसवरलेले लोकही न वाचता पुढे ढकलतात. मला याचा राग येतो, कारण ज्यांना मरतानाही डॉक्टर मिळाला नाही, त्यांचं मरणच हा मजकूर पुसून टाकतो. म्हणून एकेक विधान घेऊ.

पहिलं विधान सर्वांत महत्त्वाचं, बाकीचा इमला त्याच्यावरच उभा आहे. माणसं मेली नाहीत, हे कळलं कुठून? सरकारी आकड्यांवरून. त्या आकड्यात नाव यायचं तर आजारी माणसाची चाचणी व्हायला हवी, ती जिवंतपणी व्हायला हवी, आणि मृत्यूची नोंद कोणीतरी करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार आफ्रिका विभागात दहापैकी जेमतेम एका मृत्यूची नोंद होते. उरलेल्या नऊ जणांबद्दल सरकारी आकडा काय सांगणार?

हे तपासायचा एक सरळ मार्ग होता आणि तो झांबियाची राजधानी लुसाका इथं अवलंबला गेला. तिथल्या युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलच्या शवागारात शहरातले बहुतेक मृतदेह येतात, घरी मेलेल्यांचेसुद्धा. तेव्हा बॉस्टन विद्यापीठात असलेले सार्वजनिक आरोग्याचे संशोधक क्रिस्टोफर गिल आणि झांबियाचे डॉक्टर लॉरेन्स म्वानन्यांदा यांचं पथक कोरोनाच्या आधीपासून, 2017 पासून, तिथं काम करत होतं. विषय वेगळा होता: सहा महिन्यांच्या आतली बाळं कशानं दगावतात, आणि आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूचा त्यात वाटा किती. घरी दगावलेलं बाळ दवाखान्याच्या कागदात सापडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शवागारातच ठाण मांडलं. कोरोना आला तेव्हा माणसं, स्वॅब, पीसीआरची सोय, दुःखात असलेल्या नातेवाइकांशी बोलून संमती घ्यायची पद्धत, सगळं तयार होतं.

जून ते सप्टेंबर 2020 या काळात त्यांनी मृत्यूचं कारण न बघता मृतदेहांचे नमुने घेतले. मृत्यूनंतर 48 तासांच्या आत नाकातून खोलवर स्वॅब. 364 जणांचे निकाल हाती आले. नेहमीच्या निकषानं त्यातल्या 58 जणांत, म्हणजे 15.9 टक्के मृतांत, कोरोनाचा विषाणू सापडला. निकष थोडा सैल केला तर 70 जणांत. या 70 पैकी 51 जण दवाखान्याबाहेर मेले होते. त्या 51 मधल्या एकाचीही जिवंतपणी कोरोना चाचणी झालेली नव्हती. दवाखान्यात मेलेले 19, त्यांच्यातही फक्त 6 जणांची चाचणी झाली होती. या 70 मध्ये सात मुलं होती, जिवंतपणी चाचणी झाली ती एकाची. फेब्रुवारी 2021 मध्ये हे निष्कर्ष 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या शहरात कोरोना जवळपास नाहीच असं म्हटलं जात होतं, तिथं सहा-सात मृतांमागे एकाच्या नाकात तो बसला होता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की माणूस मेला दुसऱ्याच आजारानं, विषाणू फक्त अंगात होता. प्रश्न रास्त आहे. पथकानं मृतांच्या लक्षणांची माहितीही जमवली होती. 70 पैकी 52 जणांची माहिती मिळाली, आणि त्यातल्या 44 जणांना खोकला, ताप, धाप अशी कोरोनाची ओळखीची लक्षणं होती. अनेकांना क्षयरोग, रक्तदाब, एचआयव्ही हे सोबतीला होते, हेही खरं. पण लक्षणं असलेल्या या 44 जणांपैकी चाचणी झाली ती पाच जणांची. लक्षणं दिसत असताना चाचणीच होत नसेल, तर त्या शहरात आजार नव्हता असं म्हणता येत नाही. तिथं चाचणी नव्हती, एवढंच म्हणता येतं.

'इतके मेले असते तर प्रेतांचे खच दिसले असते की' असंही कोणी तरी म्हणतंच. घरोघरी विखुरलेल्या मरणाचा खच दिसत नाही. आपण तरी 2021 च्या एप्रिलमध्ये काय पाहिलं? स्मशानातली रांग आणि संध्याकाळच्या बुलेटिनमधला आकडा यांचा मेळ बसत नव्हता, आणि तेही आपल्याकडे वार्ताहर, कॅमेरे, महापालिकेच्या नोंदवह्या असताना.

आता वयाचा मुद्दा. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. आफ्रिकेत निम्मी माणसं विशीच्या आतली आहेत, आणि हा आजार म्हाताऱ्यांना जास्त मारतो. त्यामुळे लोकसंख्येच्या मानानं इटलीइतके मृत्यू तिथं होणार नव्हते. पण त्यावरून तरुणांना कवच होतं असा अर्थ काढू नका. लुसाकाच्या त्या 70 जणांचं मध्यक वय 48 होतं, म्हणजे निम्मे त्याहून लहान, निम्मे मोठे, आणि 53 जण साठीच्या आतले होते. श्रीमंत देशात ज्या वयाचा माणूस आठवडाभर ऑक्सिजन घेऊन घरी गेला असता, त्या वयाची ही माणसं.

ऑक्सिजनवरूनच पुढे जाऊ. दहा आफ्रिकी देशांतल्या 64 रुग्णालयांत, अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या 3,140 कोरोनाग्रस्तांचा अभ्यास मे 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीस दिवसांत 48.2 टक्के रुग्ण गेले. जगातल्या इतर ठिकाणच्या अशाच रुग्णांची सरासरी 31.5 टक्के होती. आणि हे ज्यांना खाट मिळाली त्यांचं. अतिदक्षतेसाठी पाठवलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांना ती मिळाली. आजार तिथं सौम्य असता, तर तसेच रुग्ण तिथं जास्त मेले नसते. डायलिसिस नाही, रुग्णाला पालथं झोपवून सतत लक्ष ठेवायला पुरेशा नर्स नाहीत, अशा गोष्टींनी माणसं गेली.

फॉरवर्डमध्ये एका देशाचं नाव कधीच नसतं: दक्षिण आफ्रिका. तिथं राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणी चांगली आहे, त्यामुळे दर आठवड्याला किती माणसं मेली हे कळतं. अधिकृत कोरोना मृत्यू सुमारे 1 लाख 2 हजार. नेहमीपेक्षा जास्त झालेले नैसर्गिक मृत्यू मात्र 3 लाखांच्या घरात. जिथं मोजणी धड होती तिथं मरण दिसलं.

मलेरियाच्या गोळ्यांचं बोलायचं तर आफ्रिकेत राहणारी माणसं त्या रोज खात नाहीत, ताप आला की घेतात. शिवाय क्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाला जंतू इतके सरावले, की मलावीनं 1993 मध्येच ते बंद केलं आणि झांबियानं 2002 च्या सुमारास आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन या वेगळ्या औषधाचा रस्ता धरला. क्लोरोक्विनच्याच जातीच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं म्हणाल, तर ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत कोरोनाच्या रुग्णांना ती दिलेल्या गटात 27 टक्के रुग्ण गेले, न दिलेल्या गटात 25 टक्के. फायदा शून्य. मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल 2020 मध्ये आर्टेमिसिया या वनस्पतीच्या काढ्याचा डांगोरा पिटला होता. जुलैमध्ये राजधानीत पुन्हा टाळेबंदी लावावी लागली.

जंताच्या औषधाचा, म्हणजे आयव्हरमेक्टिनचा, युक्तिवाद जरा चलाखीचा आहे. ते वाटणाऱ्या देशांत कोरोनाचे मृत्यू कमी, न वाटणाऱ्यांत जास्त, असा तक्ता फिरतो. ते वाटलं जातं काळ्या माशीमुळे होणाऱ्या, डोळे घालवणाऱ्या आजारासाठी, वर्षातून एकदा किंवा दोनदा. काही दिवसांत ते शरीरातून निघून जातं. हा आजार उरला आहे तो प्रामुख्यानं मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या दुर्गम, गरीब पट्ट्यांत, जिथं मृत्यूची नोंदच होत नाही. त्या तक्त्यात औषधाचा परिणाम दिसत नाही, नोंदवह्यांची अनुपस्थिती दिसते. ब्राझीलमधल्या 'टुगेदर' चाचणीत 1,358 रुग्णांवर हे औषध रीतसर तपासलं गेलं. दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

उन्हाबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. 2021 चा एप्रिल आठवा.

राहिली लस. आफ्रिकेनं ती नाकारली नव्हती, ती पोचलीच नाही. गरीब देशांपर्यंत लस पोचवणाऱ्या 'कोव्हॅक्स' या जागतिक योजनेची पहिली खेप, पुण्याच्या सीरम कंपनीच्या 6 लाख मात्रा, 24 फेब्रुवारी 2021 ला घानात उतरली. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली, आणि ती पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्याकडची निकड खरीच होती. पण त्या रिकाम्या महिन्यांची किंमत दुसऱ्या कोणी तरी चुकवली. सप्टेंबर 2021 पर्यंत आफ्रिकेतल्या सुमारे 65 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडू लागली होती, ती बहुतांशी आजारातून आलेली. लसीविना मिळालेली ही प्रतिकारशक्ती फुकट आलेली नव्हती. गिल आणि म्वानन्यांदा यांच्या पथकानं जानेवारी ते जून 2021 मध्ये त्याच शवागारात पुन्हा, आणखी मोठी पाहणी केली. 1,116 मृतांपैकी 358 जणांत विषाणू सापडला. लाटेच्या शिखरावर हे प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास गेलं. झांबियात लसीकरण सुरू झालं ते त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आणि ही पाहणी संपेपर्यंत लस फारच थोड्यांच्या दंडापर्यंत पोचली होती.