वजनकाटा सगळ्यांना एकच हवा

गेल्या शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजमध्ये दोन तास उभा होतो. इथे इंडियानात आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात, माझी मुलगी त्यांना आजोबाच म्हणते. ते आपल्या १९६९ च्या शेव्हरोले नोव्हाच्या डिकीत शिशाच्या लाद्या बसवत होते. एकेक लादी आधी काट्यावर, मग वहीत पेन्सिलीने आकडा, मग डिकीत ठेवून बोल्ट आवळायचा. ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ ट्रॅकवर दोन-दोन गाड्यांच्या शर्यतीत पळवायची गाडी, आणि माणूस तिच्यात वजन भरतोय!

त्याचं कारण सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या 'स्टॉक' गटात गाडी कुठल्या वर्गात पळणार हे एका भागाकारावर ठरतं : गाडीचं वजन भागिले इंजिनाची मान्य हॉर्सपॉवर. समजा वर्ग एका हॉर्सपॉवरमागे साडेदहा पौंडांचा आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा दहाने वाढवला, की त्याच वर्गात राहायला १०५ पौंड, म्हणजे जवळपास ४८ किलो वजन वाढवायचं. ते वजन घेऊन पाव मैल, १३२० फूट पळायचं. जिथे शेकंदाच्या हजाराव्या भागावर हार-जीत होते तिथे ४८ किलो म्हणजे फार झाले.

म्हणून तो हॉर्सपॉवरचा आकडा खरा असणं हा या खेळाचा पाया आहे. आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

२००८ मध्ये फोर्डने कोब्रा जेट मस्टँग काढली, फक्त ५० गाड्या. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, थेट ट्रॅकसाठीच बनवलेली. २००९ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पोमोनाला जॉन कॅल्व्हर्टने तिच्यावर विजेतेपद घेतलं. २०१२ मध्ये शेव्हरोलेची कोपो कमॅरो आली, ६९ गाड्या, काहींना सुपरचार्जर. गाड्या अप्रतिम आहेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांची कागदावरची हॉर्सपॉवर खऱ्या ताकदीपेक्षा बरीच कमी होती, हे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथे, उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं.

आपल्याकडे कुस्तीत पैलवान काट्यावर उभा राहतो, मग त्याचा गट ठरतो. 'माझं वजन ७४ किलो' असं तोंडी सांगून कुणी आखाड्यात उतरत नाही. इथे नव्या गाडीचा पहिला आकडा कंपनीने दिलेल्या माहितीवरून ठरतो आणि खरा आकडा नंतर, निकाल पाहून, हळूहळू कळतो. तोवर जुन्या गाडीवाल्यांचे हंगाम गेलेले असतात.

एनएचआरएकडे दुरुस्तीची पद्धत आहे. इंजिन इंडेक्सपेक्षा, म्हणजे त्या वर्गासाठी ठरलेल्या वेळेपेक्षा, फारच जोरात पळायला लागलं की त्याचा आकडा वाढतो. पण तो एकट्याचा वाढत नाही, त्याच इंजिनाच्या सगळ्यांचा वाढतो. मग लोक काय करतात? गाडीत दम असूनही हजार फुटांवर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतात, वेळ चांगली दिसू नये म्हणून. नियमामुळे माणूस आपली गाडी पूर्ण पळवायलाच घाबरतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'अरे, हँडिकॅप असतो ना, हळू गाडी आधी सुटते, मग कसला अन्याय?' असं मला दोघा-तिघांनी विचारलं. असतो, पण दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या निघाल्या की हँडिकॅप संपतो. दोघी एकदम सुटतात आणि जी आधी पोचेल ती जिंकते. शिवाय क्वालिफाइंगची, म्हणजे मुख्य फेऱ्यांआधीच्या पात्रतेची, यादी लागते ती कोण इंडेक्सच्या किती खाली पळालं त्यावर. तिथे खोटा आकडा सरळ वरचा नंबर मिळवून देतो. नव्या गाड्यांना पुढे एफएस नावाचे वेगळे वर्ग दिले, ते चांगलंच झालं. समोरासमोरची गाठ त्यामुळे टळते. यादी मात्र एकच राहते.

जुन्या गाड्या धुतल्या तांदळासारख्या होत्या असं मी म्हणणार नाही. १९६८ मध्ये फोर्डने ४२८ कोब्रा जेटची हॉर्सपॉवर ३३५ जाहीर केली होती, आणि तिची खरी ताकद त्याहून बरीच जास्त होती. त्याच वर्षी पोमोनाला अल जोनिएकने त्या इंजिनाच्या मस्टँगवर सुपर स्टॉक जिंकली. पण त्या जुन्या इंजिनांचे आकडे इतक्या वर्षांत घासूनपुसून खऱ्याच्या जवळ आलेत. आजोबांच्या नोव्हाचं सगळं पितळ कधीच उघडं पडलंय, तिच्यात लपवायला काही उरलेलं नाही. नवी गाडी मात्र कोऱ्या पाटीनिशी येते, आणि तो कोरेपणाच तिचा फायदा ठरतो.

जुन्यांना सवलत द्या असं माझं म्हणणं नाही. आजोबांनाही ती नको आहे, विचारून पाहिलं. नवी गाडी वर्गात घेण्याआधी तिचं इंजिन डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवा, त्रयस्थ माणसासमोर मोजा आणि तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लावा. पहिल्या हंगामाच्या आधी, तिसऱ्या हंगामानंतर नाही. कंपन्यांकडे डायनो आहेत, माणसं आहेत, पैसा आहे. साठ वर्षांपूर्वीचं कार्ब्युरेटर शोधत फिरणाऱ्या माणसापेक्षा त्यांना हे कितीतरी सोपं आहे.

लेबर डेच्या आठवड्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, इंडियानापोलिसला यूएस नॅशनल्स ही एनएचआरएची मोठी स्पर्धा आहे. तिथल्या क्लास एलिमिनेशनमध्ये एकाच वर्गातल्या गाड्या थेट भिडतात. मी आणि मुलगी आजोबांबरोबर पिटमध्ये असू. आसपासचं कुणी मराठी यायला तयार असेल तर मेसेज करा, डबा मी आणतो.